मुरलेल्या खेळाडूला पोकरच्या पुस्तकांचा उपयोग होतो का?

प्रश्न: मी बरीच वर्षे नो-लिमिट होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळतो, मुख्यतः कॅश गेम (स्पर्धा नव्हे, थेट पैशांचे डाव), आणि सातत्याने नफ्यात आहे. सुरुवातीच्या काळात डावपेचांची पुस्तके अधाशासारखी वाचली आणि त्यांचा फायदाही झाला. अलीकडे मात्र नवे पुस्तक हाती घेतले की पानामागून पान ओळखीचेच वाटते आणि ते अर्धवट राहते. माझ्याबरोबर अभ्यास करणारा मित्र म्हणतो की सॉल्व्हर (डावातला सर्वोत्तम खेळ गणिताने काढणारा संगणक प्रोग्राम) हाताशी असताना पुस्तके नवशिक्यांनीच वाचावीत. शिवाय जे छापून आले ते माझ्या प्रतिस्पर्ध्यांनीही वाचलेले असणार, मग त्यातून मला आघाडी कशी मिळणार, अशीही शंका येते. टर्नवर, म्हणजे टेबलावरच्या पाच सामाईक पानांपैकी चौथे उघडल्यावर, आधी बोलण्याची (निर्णय घेण्याची) पाळी माझी असते तेव्हा माझा खेळ कच्चा पडतो, हे मला ठाऊक आहे. तिथे एखादे पुस्तक मदत करेल का?

उत्तर:

प्रिय वाचक,

उपयोग होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्या प्रकारच्या उपयोगाची सवय आपल्याला सुरुवातीच्या पुस्तकांनी लावली, तो आता मिळणार नाही, आणि आपण अजून तोच शोधत असल्यामुळे आपली निराशा होते आहे. नवशिका खेळाडू एकच चूक शंभर डावांत शंभर वेळा करतो. कोणत्या पानांवर डावात उतरू नये, किंवा पॉटच्या (डावात जमलेल्या पैशांच्या) मानाने किती पैसे घालावे लागत असतील तर अपुऱ्या हातावर कॉल (समोरच्याइतके पैसे घालून डावात राहणे) परवडतो, हे त्याला एका वाक्यात सांगितले तरी ते शंभर डाव सुधारतात. आपल्यासारख्या खेळाडूच्या उरलेल्या चुका लहान, विखुरलेल्या आणि प्रसंगागणिक वेगळ्या असतात. त्या सगळ्यांवर लागू पडेल असे एखादे वाक्य कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही, कारण तसे वाक्य अस्तित्वातच नाही.

आपली छापील ज्ञानाबद्दलची शंका मी आधी घेतो, कारण सगळ्या विषयाचे मर्म तिच्यातच आहे. पोकरमधले काही ज्ञान प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर उभे असते, आणि ती चूक संपली की त्या ज्ञानाची किंमतही संपते. डॉइल ब्रन्सन यांनी 1976 आणि 1977 अशी सलग दोन वर्षे वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि त्या दशकाच्या अखेरीस त्यांचे ‘सुपर/सिस्टम’ हे जाडजूड पुस्तक आले. त्यातल्या नो-लिमिट होल्डेमच्या प्रकरणात त्यांनी स्वतःची रीत उघड करून सांगितली: लहान लहान पॉट सतत आक्रमकपणे उचलत राहायचे, म्हणजे मोठ्या पॉटमध्ये आपली बाजू पडती असली तरी ती जोखीम आधीच मिळवलेल्या पैशांतून परवडते. ही रीत चालत होती, कारण समोरचे लोक गरजेपेक्षा जास्त वेळा पाने टाकून देत होते. पुस्तक वाचून ते टिकून राहू लागले, आणि आपला खेळ लोकांना कळल्याची किंमत आपल्याला मोजावी लागली, असे ब्रन्सन यांनी पुढे सांगितले आहे.

दुसऱ्या जातीचे ज्ञान सर्वांना कळले तरी झिजत नाही. जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये दोघांच्या खेळाबद्दलचा आपला मूलभूत सिद्धान्त मांडला, आणि 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात पोकरचे एक सोपे प्रतिरूप सोडवून ब्लफ (दुबळ्या हातावर लावलेली फसवी बेट) हा गणितानेच आवश्यक ठरतो हे दाखवले. आपल्या रोजच्या खेळातले उदाहरण घेऊ. रिव्हरवर (पाचवे, शेवटचे सामाईक पान उघडल्यावर) पॉटमध्ये 100 आहेत आणि आपण 100 ची बेट लावता. समोरच्याला 200 मिळवण्यासाठी 100 घालायचे आहेत, म्हणजे तीनपैकी एकदा तो जिंकला तर त्याची बरोबरी होते. आपल्या अशा बेटांमध्ये दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ असेल, तर त्याने कॉल केला काय आणि पाने टाकली काय, त्याच्या पदरात सारखेच पडते. हे प्रमाण आपण त्याला आधीच सांगून टाकले तरी त्याला त्याचा काडीचाही फायदा उठवता येत नाही.

म्हणून पुस्तकातला प्रत्येक सल्ला वाचताना हेच पान समोरच्यानेही वाचले असेल तर हा सल्ला टिकेल का, असे स्वतःला विचारत जावे. जो टिकतो तो कायमचा आपला झाला. जो टिकत नाही तोही फेकून देण्यासारखा नसतो, कारण आपले प्रतिस्पर्धी काय शिकून आले आहेत याची ती लेखी नोंद असते. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूने ऑनलाइन पात्रता फेरीतून येऊन मुख्य स्पर्धा जिंकली आणि पोकरमध्ये नव्या लोकांची लाट आली. त्या काळच्या पुस्तकांनी या लोकांना शिकवले की फ्लॉप (पहिली तीन सामाईक पाने) येण्याआधी रेझ करणाऱ्याने, म्हणजे बेट वाढवणाऱ्याने, फ्लॉप लागो वा न लागो, बहुतेक वेळा बेट लावावी. टर्नवर पुढे काय करायचे याबद्दल मात्र ती पुस्तके बरीच हात राखून होती. ज्या जाणत्या खेळाडूंनी ती पुस्तके प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांनी वाचली, त्यांना फ्लॉपवर रिकाम्या हाताने कॉल करून टर्नवर पॉट काढून घेता येतो हे कळले. छापील ज्ञानातून मिळालेली ही आघाडी, पुस्तक जितक्या जास्त लोकांनी वाचावे तितकी वाढत गेली.

आता आपल्या मित्राचे म्हणणे. 2015 च्या सुमारास सॉल्व्हर सर्वसामान्य खेळाडूंच्या हाती आले आणि अभ्यासाची तऱ्हाच बदलली, हे निर्विवाद आहे. आज कोणत्याही जाणत्या खेळाडूने सॉल्व्हर टाळून केवळ पुस्तकांवर विसंबावे, असे मी म्हणणार नाही. पण सॉल्व्हर विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. प्रतिस्पर्ध्याची रेंज (त्याच्याकडे असू शकणारे सगळे हात) आपण चुकीची भरली, तर त्या चुकीच्या प्रश्नाचे उत्तरही तो तितक्याच अचूकपणे देतो, आणि कुठेही धोक्याची खूण दाखवत नाही. शिवाय 52 पानांतून 22,100 वेगवेगळे फ्लॉप निघतात. रंगांची अदलाबदल सारखीच धरली तरी 1,755 उरतात. त्यांना जागांच्या, स्टॅकच्या (खेळाडूपुढच्या एकूण पैशांच्या) आणि बेटांच्या आकारांच्या जोड्यांनी गुणावे, म्हणजे हे पाठ करण्याचे काम नव्हे हे लक्षात येते. एखाद्या हाताने 37 टक्के वेळा बेट लावावी आणि उरलेल्या वेळी चेक करावे (बेट न लावता पाळी पुढे सोडावी), असे उत्तर पडद्यावर दिसते, पण ते तसे का, हे तिथे लिहिलेले नसते. तो ‘का’ शोधण्यासाठी ज्याने हजारो उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत आणि ज्याला आपला विचार नीट लिहून मांडता येतो, अशा माणसाचे पुस्तक मोलाचे ठरते.

एक डाव जवळून पाहू. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, इस्पिकची अठ्ठी आणि बदामची चव्वी आली. टर्नला चौकटची सत्ती आणि रिव्हरला किलवरची दुर्री पडली. आपल्या हातात इस्पिकचा गुलाम आणि इस्पिकची दश्शी आहे. फ्लॉपवर आणि टर्नवर आपण बेट लावली, समोरच्याने दोन्ही वेळा कॉल केला, आणि आता आपल्याकडे काहीच नाही. जुन्या पद्धतीने शिकलेला खेळाडू म्हणेल की शोडाउनमध्ये (शेवटी पाने उघडल्यावर) जिंकण्याची आशा नाही, म्हणजे हाच ब्लफ करण्याचा हात. आता समोरच्याच्या बाजूने मोजा. त्याने रिव्हरवर पाने टाकावीत अशी आपली इच्छा आहे, आणि तो जे हात सहज टाकेल त्यांतले पुष्कळसे त्याचेही फसलेले, म्हणजे एकाच रंगाची पाच पाने पुरी न झालेले, इस्पिकचे फ्लश असणार. बोर्डावर दोन इस्पिक आहेत, म्हणजे अकरा उरले, आणि अकरांतून दोन इस्पिकांच्या 55 जोड्या होतात. त्यांतले दोन आपल्याच हातात असल्यामुळे नऊ उरतात आणि जोड्या 36 वर येतात. या सगळ्याच जोड्या तो खेळेल असे नाही, पण दिशा स्पष्ट आहे: त्याने जे टाकावे असे आपल्याला वाटते तेच आपण धरून बसलो आहोत, आणि त्याचे राजाच्या जोडीचे हात मात्र बहुतेक सगळे शिल्लक आहेत. त्याऐवजी एकही इस्पिक नसलेला तितकाच दुबळा हात ब्लफसाठी पुष्कळदा बरा पडतो. सॉल्व्हर हा निष्कर्ष एका बोर्डापुरता दाखवेल. पण त्यामागचे कारण एकदा कोणी समजावून दिले की ते पुढे कुठल्याही बोर्डावर आपल्याला स्वतःहून लावता येते, आणि टेबलावर बसल्यावर आपल्याजवळ तेवढेच असते.

टर्नवर आधी बोलण्याच्या आपल्या अडचणीलाही हेच लागू आहे. आपण बिग ब्लाइंडवरून (पाने वाटण्याआधी ठरावीक सक्तीची बेट भरणाऱ्या जागेवरून) कॉल केला आहे, फ्लॉपवर राजा, छक्की आणि पंजी आली, आपण चेक करून कॉल केला, आणि टर्नला आणखी एक छक्की पडली. पूर्वी, रेझ करणाऱ्याच्या तोंडावर अशी आपणहून बेट लावणे हे कच्च्या खेळाडूचे लक्षण मानले जाई, आणि जुन्या पुस्तकांतून ते तसेच शिकवले गेले. पण अशा पानावर दोघांच्या रेंजमध्ये छक्क्या किती हे मोजून पाहा: टेबलावर सुरुवातीच्या जागेवरून रेझ करणारा फारशा छक्क्या खेळतच नाही, आणि बिग ब्लाइंडकडे मात्र एकाच रंगाच्या सत्ती-छक्की, अठ्ठी-छक्की, एक्का-छक्की असे कितीतरी हात असतात. पारडे अचानक फिरलेले असते, म्हणून इथे लहान आकाराची बेट काही हातांनी लावणे रास्त ठरते. कोणत्या पानावर पारडे फिरते आणि कोणत्या पानावर नाही, हे ज्या प्रकरणात कारणांसह मांडले असेल, त्या वीस पानांसाठी मी आपल्याला अख्खे पुस्तक घ्यायला सांगेन.

बिल चेन आणि जेरॉड अँकनमन यांच्या 2006 सालच्या ‘द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर’ या पुस्तकाची आठवण मला इथे मुद्दाम द्यावीशी वाटते. त्याच वर्षी चेन यांनी वर्ल्ड सिरीजच्या दोन स्पर्धा जिंकल्या होत्या. त्या पुस्तकात पत्त्यांच्या जागी शून्य ते एक यांमधला एकेक आकडा दोघांना वाटून सोपे खेळ सोडवलेले आहेत, आणि प्रत्यक्ष टेबलावर त्यांतला एकही खेळ कोणी खेळत नाही. तरीही बेटचा आकार आणि ब्लफचे प्रमाण यांचे नाते त्या कृत्रिम खेळांतून जितके लख्ख दिसते, तितके डावांच्या वर्णनांनी भरलेल्या पुस्तकांतून दिसत नाही. कागद-पेन्सिल घेऊन वाचावे लागते, एका बैठकीत चार-पाच पानांपुढे जाता येत नाही, आणि सॉल्व्हर येण्यापूर्वीचे असूनही त्यातले तर्क जुने झालेले नाहीत.

पुस्तके कुठे दगा देतात हेही सांगायला हवे. बहुतेक तक्ते 100 बिग ब्लाइंडच्या (त्या सक्तीच्या बेटच्या शंभरपट) स्टॅकवर आणि दोघांतच उरलेल्या डावांवर बेतलेले असतात, आणि जागेची फी, म्हणजे रेक, त्यांत कधी धरलेला असतो, कधी नसतो. रेक जबर असेल तर बिग ब्लाइंडवरून दुबळ्या हातांनी केलेले कितीतरी कॉल तोट्यात जातात, आणि तक्ता मात्र ते नफ्याचे दाखवत राहतो. आपल्या टेबलावर स्टॅक दुप्पट असतील आणि प्रत्येक पॉटमध्ये चौघे उतरत असतील, तर फॉन नॉयमन यांची हमीही आपल्याला पुरत नाही, कारण ती दोघांच्या खेळापुरतीच आहे. दुसरा दगा अधिक सूक्ष्म असतो. लेखक उदाहरणादाखल जे डाव निवडतो ते त्याच्या म्हणण्याला साजेसे असतात, आणि जाणता वाचक त्यांत आपल्या जुन्या सवयींचे समर्थन शोधत जातो. जिथे आपण मान डोलावतो त्या पानांपेक्षा जिथे आपल्याला राग येतो ती पाने अधिक काळजीपूर्वक वाचावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

पुस्तक लागू पडले की नाही याचा निवाडा नफ्या-तोट्यावरून करू नये, हे आपल्यासारख्या अनुभवी माणसालाही पुन्हा बजावावेसे वाटते. नो-लिमिट होल्डेममध्ये शंभर डावांमागचे प्रमाण विचलन (निकाल सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) साधारण 80 ते 100 बिग ब्लाइंड इतके असते. ते 90 धरले, तर एक लाख डाव खेळल्यावरही आपल्या नफ्याच्या दराची प्रमाण त्रुटी शंभर डावांमागे तीन बिग ब्लाइंडच्या आसपास राहते. चांगल्या प्रकरणाने आपला खेळ शंभर डावांमागे एका बिग ब्लाइंडने सुधारला असेल, तर ती कमाई मोठीच म्हणायची, पण ती एवढ्या चढ-उतारात दिसणारही नाही. निवाडा करायचा तो निर्णयांवर.

तो कसा, याचे उत्तम उदाहरण एका यंत्राने घालून दिले आहे. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या प्रणालीने चार निष्णात व्यावसायिकांविरुद्ध वीस दिवसांत 1,20,000 डाव खेळून मोठा विजय मिळवला. हे यंत्र रोज रात्री आपल्या कच्च्या जागा हेरते, असा समज त्या खेळाडूंचा झाला होता. प्रत्यक्षात ते स्वतःच्या कच्च्या जागा बुजवत होते: दिवसभरात प्रतिस्पर्ध्यांनी बेटच्या ज्या आकारांनी त्याला अनोळखी प्रदेशात नेले, त्यांतल्या महत्त्वाच्या जागांची उत्तरे ते रात्रीत काढून ठेवी. आपण पुस्तक असे वाचावे. आपल्या नोंदींतून टर्नवर आधी बोलताना अडखळलेले दहा डाव काढावेत. पुस्तक उघडण्यापूर्वी प्रत्येक डावात आपल्या संपूर्ण रेंजने काय करायला हवे होते आणि का, हे कागदावर लिहावे. मग ते प्रकरण वाचावे, आणि लेखकाशी जिथे मतभेद होईल तेवढेच प्रसंग सॉल्व्हरमध्ये घालून पाहावेत. कधी लेखक चुकलेला निघेल, कधी आपण, आणि कधी दोघांनी वेगळी गृहीतके धरली होती हे कळेल. यात मित्राचाही उपयोग करून घ्यावा. वाचलेले कारण पुस्तकात न पाहता त्याला समजावता आले नाही, तर ते प्रकरण पुन्हा वाचावे.

दोन गोष्टी थोडक्यात. आपण कधी सेव्हन-कार्ड स्टड, रॅझ किंवा ओमाहा हाय-लो यांकडे वळलात, तर तिथे आपण पुन्हा नवशिके असाल आणि साधे पुस्तकही भरभरून देईल. आणि हरत असताना बिघडणारा खेळ, थकवा, मोठ्या विजयानंतरचा ढिलेपणा यांवर लिहिलेली पुस्तके मुरलेले खेळाडू हलकी समजतात, ते बरोबर नाही, कारण सॉल्व्हर या बाबतीत काहीच सांगू शकत नाही.

पुढचे पुस्तक विकत घेण्यापूर्वी टर्नवरच्या प्रकरणातला एखादा वादग्रस्त डाव उघडून पाहावा. स्टॅक वेगळे असते, समोरचा अधिक घट्ट खेळणारा असता किंवा पॉटमध्ये तिसरा कोणी असता तर आपला सल्ला कसा बदलला असता, हे लेखकाने सांगितले असेल तर ते पुस्तक घ्यावे. नुसते काय करावे एवढेच सांगितले असेल, तर आपला वेळ सॉल्व्हरपुढे अधिक चांगला जाईल. आपण अडखळलेल्या डावांपैकी दोन-तीन, स्टॅक, रेक आणि जागांच्या तपशिलासह, मला लिहून पाठवलेत, तर टर्नच्या प्रश्नावर पुढच्या वेळी सविस्तर लिहिता येईल.